अपडेटनंतर जुनं कॅड पुन्हा अडलं? फॉरमॅट करण्याआधी हे बघा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या जॉबवर्कच्या शॉपपासून विजापूर रोडवरच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसपर्यंत एकच तक्रार फिरून फिरून येते. जुना कॉम्प्युटर गेला, नवा आणला, त्यात विंडोज ११ आलं, आणि इतकी वर्षं मुकाट चालणारं ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं कॅड सॉफ्टवेअर, इन्स्टॉलच होईना. किंवा कसंबसं बसवलं, काही महिने चाललं, आणि एका सकाळी विंडोज स्वतःहून अपडेट झाल्यावर परत अडलं. मग कुणीतरी येतो, मशीन फॉरमॅट करतो, पैसे घेतो. पुढच्या अपडेटला पुन्हा तेच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून ही तक्रार वाढली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, फॉरमॅट हा यावरचा इलाज नाही. उलट धोका आहे. जुन्या कॅडचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं, आणि फॉरमॅट केलं की ते ॲक्टिव्हेशन पुसलं जातं. बऱ्याच जुन्या आवृत्त्यांचे ॲक्टिव्हेशन कोड कंपन्या आता देत नाहीत. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने तर एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स विकणंच २०१६ मध्ये थांबवलं. म्हणजे तुमच्याकडे २०१० किंवा २०१२ चं विकत घेतलेलं ऑटोकॅड असेल, तर ते चालू असलेलं मशीन जपून ठेवण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट, सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. ते ज्या गोष्टींच्या आधारावर उभं होतं त्यातली एखादी नव्या विंडोजने काढून टाकलेली असते, बंद केलेली असते किंवा बदललेली असते. अशा जागा फार नाहीत. सेटअपची फाइल, डॉट नेट फ्रेमवर्क (बरेच प्रोग्रॅम ज्यावर चालतात तो विंडोजचा भाग), डोंगलचा म्हणजे लायसन्सच्या यूएसबी किल्लीचा ड्रायव्हर, ग्राफिक्स, फोल्डरची परवानगी, फॉन्ट आणि नेटवर्क. यातलं नेमकं काय हललंय ते ओळखलं की बाकीचं काम सोपं आहे. ओळखण्यासाठी लागतो तो स्क्रीनवरचा मेसेज, आणि तोच बहुतेक वेळा मिळत नाही.

"अण्णा, मेसेज काय आलाय?"

"कायतरी इंग्लिशमध्ये आल्तं की, ओके केलो."

ओके करू नका. आधी मोबाइलवर फोटो काढा. पूर्ण मेसेज, त्यातला नंबर आणि असेल तर फाइलचं नाव, तिन्ही त्या फोटोत आलं पाहिजे. ऑफिसमधल्या सगळ्यांना ही एक सवय लावली तरी निम्मा शोध वाचतो.

सेटअप सुरूच होत नाही

सीडी घातली, सेटअपवर डबल क्लिक केलं, आणि 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' अशा अर्थाचा मेसेज आला, तर प्रश्न बिटचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या बांधणीचा आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतात, पण १६ बिटचे अजिबात चालत नाहीत. १९९० च्या दशकातल्या आणि त्यानंतरच्याही काही सॉफ्टवेअरची गंमत अशी की मूळ प्रोग्रॅम ३२ बिटचा, पण त्याचा सेटअप मात्र १६ बिटचा. प्रोग्रॅम चालला असता, पण तो आत जाण्याचा दरवाजाच उघडत नाही. इथे कंपॅटिबिलिटी मोड लावून काही होणार नाही. तो मोड प्रोग्रॅमला फक्त 'हे जुनं विंडोज आहे' असं भासवतो. विंडोजमधून काढून टाकलेला भाग परत आणत नाही.

ऑटोकॅडच्या बाबतीत वेगळी अडचण येते. ६४ बिटची आवृत्ती २००८ पासून मिळू लागली. त्यानंतरच्या पॅकमध्ये ३२ आणि ६४ अशा दोन वेगळ्या डिस्क असतात, आणि ३२ ची डिस्क ६४ बिट विंडोजवर इन्स्टॉल व्हायला नकार देते. कपाटात शोधा, बहुतेक वेळा ६४ ची डिस्क त्याच डब्यात न वापरता पडलेली असते. ती नसेल तर लाँगबो कन्व्हर्टर नावाचं एक विकत मिळणारं साधन आहे, ते ३२ बिटचा सेटअप ६४ बिट विंडोजवर चालेल असा करून देतं.

नवा लॅपटॉप असेल तर आणखी तीन गोष्टी बघा. काही स्वस्त लॅपटॉपवर विंडोज 'एस मोड'मध्ये येतं, त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीच इन्स्टॉल होत नाही. या मोडमधून स्टोअरमार्फत फुकट बाहेर पडता येतं, मात्र परत जाता येत नाही. दुसरं, विंडोजमधलं स्मार्ट ॲप कंट्रोल चालू असेल तर कंपनीची डिजिटल सही नसलेला जुना सेटअप अडवला जातो. तिसरं सर्वांत महत्त्वाचं, आणि ते खरेदीआधीच बघायचं: प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचाच घ्या. स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप बॅटरीला उत्तम, पण त्यावर डोंगलचे जुने ड्रायव्हर चढतच नाहीत. दुकानदाराला हे माहीत असेलच असं नाही.

सेटअप मध्येच थांबतो: डॉट नेटची भानगड

सगळ्यात जास्त वेळा अडतं ते इथे. तरीही हा भाग नीट समजावून सांगणारे कमी.

२००७ ते २०११ च्या आसपासच्या कॅडला डॉट नेट २.० किंवा ३.५ लागतं. नव्या विंडोजमध्ये ३.५ आपोआप चालू नसतं. कंट्रोल पॅनेलमध्ये 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स', तिथे डावीकडे 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ', आणि त्या यादीत वरच डॉट नेट ३.५ ची चौकट. ती टिक करा, इंटरनेट चालू ठेवा, विंडोज स्वतः उतरवून घेतं. २.० आणि ३.० त्यातच येतात, वेगळे शोधू नका. कुठल्यातरी साइटवरून डॉट नेट २.० ची सुटी फाइल आणून बसवायच्या नादी तर मुळीच लागू नका.

चौकट टिक केल्यावर ०एक्स८००एफ०८१एफ हा एरर आला तर त्याचा अर्थ विंडोजला ३.५ च्या मूळ फाइल्स मिळत नाहीत. इंटरनेट नसलेल्या किंवा अपडेट बंद करून ठेवलेल्या मशीनवर हे हमखास होतं. अपडेटची सर्व्हिस बंद केली असेल तर चालू करून पुन्हा करा. तरी जमलं नाही तर त्याच आवृत्तीचा विंडोजचा पेनड्राइव्ह लागतो. त्यातल्या 'सोर्सेस' फोल्डरमधल्या 'एसएक्सएस' फोल्डरमधून डिझम नावाच्या कमांडने ३.५ बसवता येतं. पेनड्राइव्ह आणि मशीन यांची आवृत्ती जुळणं इथे महत्त्वाचं. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीला २२एच२ या जुन्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह लावून उपयोग नाही.

२०१२ ते २०१४ च्या आवृत्त्यांचं उलटं आहे. त्यांना डॉट नेट ४ चं कुटुंब लागतं, आणि विंडोज ११ मध्ये ४.८ आधीपासून असतं. मग अडतं का? तर सेटअप आपल्यासोबत आणलेलं ४.० बसवायला जातो, विंडोज सांगतं की याच्यापेक्षा नवीन इथे आहे, आणि सेटअप ते उत्तर अपयश समजून सगळंच गुंडाळतो. खरं म्हणजे गरज भागलेलीच असते. यावर उपाय असा: डिस्कमधला सगळा मजकूर हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये कॉपी करा. त्यातली 'सेटअप.आयएनआय' फाइल नोटपॅडमध्ये उघडा, पण आधी तिची एक प्रत बाजूला ठेवा. आधी काय बसवायचं याच्या यादीच्या ओळी त्यात असतात. तिथला डॉट नेटचा उल्लेख तेवढा काढा, सेव्ह करा आणि सेटअप ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. डायरेक्टएक्स किंवा व्हिज्युअल सी प्लस प्लसचे उल्लेख मात्र तसेच राहू द्या, ते लागतात.

इन्स्टॉल झालं, पण डोंगल सापडत नाही

स्ट्रक्चरल डिझाइनच्या जुन्या पॅकेजांना आणि शहराच्या पूर्व भागात चादर-टॉवेलची डिझाइन काढायच्या जकार्ड (मागावर नक्षी विणायची यंत्रणा) सॉफ्टवेअरला हा प्रश्न जास्त येतो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. त्यांची नक्षी काढून देणाऱ्या डिझाइनरकडचं सॉफ्टवेअर मात्र यूएसबीच्या पोर्टात खोचलेल्या एका लहानशा किल्लीवर अवलंबून असतं. ती किल्ली ओळखली नाही तर पूर्ण डिझाइन विभाग थांबतो आणि मागावरचं नवं काम अडकतं. त्यामुळे इथे घाई होते आणि घाईत लोक चुकीचा ड्रायव्हर चढवतात.

आधी किल्लीवरचा दिवा बघा. हॅस्प जातीची किल्ली असेल आणि ड्रायव्हर बरोबर असेल तर दिवा लागतो. दिवा नाही म्हणजे विंडोजने किल्ली ओळखलेलीच नाही, सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करून काहीही बदलणार नाही. दिवा आहे तर ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट टाइप करून त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि १९४७ हा पोर्ट नंबर द्या. सेंटिनेलचं एक पान उघडतं, त्यात जोडलेल्या किल्ल्यांची यादी दिसते. यादीत किल्ली दिसली तर ड्रायव्हर ठीक आहे, दोष पुढे शोधा.

किल्ली दिसत नसेल तर क्रम पाळा. किल्ली काढा. जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा. रिस्टार्ट. मग थेल्स या किल्लीच्या कंपनीच्या साइटवरून सेंटिनेलचं नवीन रनटाइम (ड्रायव्हरचा पॅक) उतरवून बसवा आणि सगळ्यात शेवटी किल्ली लावा. मूळ सीडीवरचा ड्रायव्हर चढवू नका. तो विंडोज एक्सपीच्या काळातला असतो आणि ६४ बिट विंडोज सही नसलेला ड्रायव्हर स्वीकारत नाही. किल्ली सेंटिनेल सुपरप्रो असेल तर तिचा इन्स्टॉलर वेगळा आहे, हॅस्पचा चालत नाही. किल्लीवरचं नाव भिंगाने का होईना पण वाचून घ्या.

एवढं करूनही 'ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही' असं आलं, तर विंडोज ११ मधल्या मेमरी इंटिग्रिटी या सुरक्षेच्या सोयीकडे बघा. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन या वाटेने तिथे पोचता येतं. न जुळणाऱ्या ड्रायव्हरची नावं तिथेच मिळतात, आणि जुन्या किल्ल्यांचा हार्डलॉक ड्रायव्हर त्यात बऱ्याचदा असतो. ही सोय बंद केली की किल्ली चालते. पण बंद करण्याआधी नवीन ड्रायव्हर खरंच मिळत नाही ना, याची खात्री करा, कारण तुम्ही मशीनच्या सुरक्षेचा एक थर उतरवता आहात. उतरवलाच तर त्या मशीनवर बँक आणि जीएसटीचं काम करू नका. त्यासाठी दुसरं मशीन वापरा.

उघडतं, पण त्रास देतं

स्क्रीन काळी होणं, कर्सर अडखळणं, उघडताच बंद पडणं ही ग्राफिक्सची लक्षणं. अपडेटमध्ये विंडोज कार्डाचा ड्रायव्हर परस्पर बदलतं. २०१२ पर्यंतच्या ऑटोकॅडमध्ये 'थ्रीडीकॉन्फिग' आणि त्यानंतरच्यात 'ग्राफिक्सकॉन्फिग' ही कमांड देऊन हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा. टू-डी ड्रॉइंगला त्याने काही बिघडत नाही. तरीही दुपारीच मशीन बंद पडत असेल, तर कॅबिनेट उघडा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, आणि मागाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत प्रोसेसरच्या पंख्यावर कापसाच्या तंतूंचा अक्षरशः नमदा बसतो.

आयकॉन मुंगीएवढे दिसत असतील तर शॉर्टकटच्या प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, हाय डीपीआय सेटिंग्ज, आणि तिथे 'सिस्टिम एनहान्स्ड'.

दर वेळी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करायची सवय मला पटत नाही. जुना प्रोग्रॅम आपली सेटिंग 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहू बघतो आणि विंडोज लिहू देत नाही, हे मूळ कारण. ॲडमिन म्हणून चालवलं की ते सुटतं, पण मग एक्सप्लोररमधून फाइल ओढून टाकता येत नाही आणि मॅप केलेला नेटवर्क ड्राइव्ह प्रोग्रॅमला दिसेनासा होतो. लोक त्यालाच नवा बिघाड समजतात. त्यापेक्षा त्या प्रोग्रॅमच्या फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये युजर्सना मॉडिफायची परवानगी एकदाच द्या.

आता फॉन्ट. महापालिकेत द्यायच्या नकाशावर मालकाचं नाव, गट नंबर, टिपा मराठीत असतात, आणि वर्षानुवर्षं हे श्रीलिपी, कृतिदेव, किरण अशा फॉन्टांत टाइप केलेलं आहे. नव्या मशीनवर ड्रॉइंग उघडलं की त्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन पुंजका दिसतो. ड्रॉइंग खराब झालेलं नाही, फॉन्ट नाही एवढंच. फॉन्ट टाकूनही दिसत नसेल तर कारण वेगळं: २०१८ च्या अखेरीच्या १८०९ या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये नुसतं इन्स्टॉल म्हटलं की फॉन्ट फक्त त्या एका युजरच्या फोल्डरमध्ये जातो, आणि ऑटोकॅड तिथे बघत नाही. फॉन्टवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा आणि कॅड बंद करून पुन्हा उघडा. एसएचएक्स, म्हणजे ऑटोकॅडचे स्वतःचे फॉन्ट मात्र विंडोजमध्ये नाही, ऑटोकॅडच्याच 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये टाकायचे.

नेटवर्कचं थोडक्यात. जुन्या एक्सपी मशीनवर किंवा जुन्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या डब्यावर) ड्रॉइंग ठेवलेली असतील तर ती नव्या विंडोजला दिसत नाहीत, कारण एसएमबी १ हा फाइल शेअर करायचा जुना प्रोटोकॉल आता मुळात बसवलेला नसतो. तो चालू करता येतो, पण करू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर मशीन्स याच वाटेने लॉक केली. ड्रॉइंग नव्या जागी हलवा.

दर अपडेटला तेच का होतं

वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट कधी लहानसं असतं, तर कधी जवळजवळ नवं विंडोजच घालून जुनं बाजूला काढतं. २४एच२ हे दुसऱ्या प्रकारचं होतं. त्यावरून २५एच२ वर जाणं मात्र हलकं आहे. पूर्ण बदलणाऱ्या अपडेटनंतर डॉट नेटची टिक, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, मेमरी इंटिग्रिटी यांच्या स्थिती बदललेल्या सापडू शकतात. म्हणून वर जे जे केलं ते एका कागदावर लिहून मशीनच्या बाजूला चिकटवा: कोणती टिक केली, कोणता ड्रायव्हर कुठल्या आवृत्तीचा, फॉन्ट कोणते, सेटअपमधली कोणती ओळ काढली. नवा मुलगा कामाला आला तरी त्या कागदावरून तो मशीन उभं करू शकेल.

अपडेट कायमचं बंद करण्याची गरज नाही. ते पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. गड्ड्याच्या यात्रेतल्या सुट्टीसारखी सवड बघून करा, साइटवर स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी नको. अपडेटनंतर काम अडलंच तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक' आहे. ते साधारण दहा दिवसच उपलब्ध असतं, त्यामुळे आज बघू उद्या बघू करू नका.

क्रॅकबद्दलही स्पष्ट लिहितो. क्रॅक केलेलं कॅड प्रत्येक अपडेटनंतर बंद पडतं, कारण डिफेंडर हा विंडोजचा अँटिव्हायरस ती फाइल उचलून टाकतो, आणि मग लोक डिफेंडरच बंद करतात. पार्टीची ड्रॉइंग आणि हिशोब ज्या मशीनवर आहेत त्यावर हे करणं योग्य नाही. बजेट नसेल तर फ्रीकॅड आणि लिब्रेकॅड फुकट आणि कायदेशीर आहेत. लिब्रेकॅडचा मूळ कारभार डीएक्सएफ या फाइल प्रकारावर चालतो. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची नेहमीची फाइल उघडायला किंवा जुन्या आवृत्तीत बदलायला ऑटोडेस्कचं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू मोफत आहे. पुण्याहून आलेली फाइल तुमच्या २०१० मध्ये उघडत नसेल तर ती २०१३ किंवा २०१८ च्या फॉरमॅटमध्ये असेल, ट्रूव्ह्यूमधून २०१० मध्ये बदलून घ्या. तेवढ्यासाठी नवं कॅड विकत घ्यायची गरज नाही.

काही सॉफ्टवेअर मात्र नव्या विंडोजवर चालणारच नाही. १६ बिटचं, किंवा ज्याच्या किल्लीचा ६४ बिट ड्रायव्हर कधी निघालाच नाही असं. तिथे व्हर्च्युअल मशीन करा, म्हणजे विंडोज ११ च्या आत एका खिडकीत जुनं ३२ बिट विंडोज. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो २०२४ च्या नोव्हेंबरपासून व्यवसायासाठीही मोफत आहे, आणि त्यात यूएसबी किल्ली आतल्या विंडोजला देता येते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये ती सोय नाही, म्हणून किल्लीवाल्या सॉफ्टवेअरसाठी तो निवडू नका. आतल्या विंडोजला इंटरनेट देऊ नका. पॅरलल पोर्टची किल्ली असेल, किंवा जकार्डचा कंट्रोलर अजून फ्लॉपीच मागत असेल, तर व्हर्च्युअल मशीनचाही भरवसा धरू नका. जुना पीसीच नेटवर्क काढून जपा आणि त्याच्या हार्ड डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.

आणि जुनं मशीन भंगारात देण्याआधी त्यातून एवढं उचला: लायसन्सचा सिरियल नंबर, प्रिंटच्या सेटिंगच्या सीटीबी आणि पीसी३ फाइल्स, लिस्पच्या छोट्या प्रोग्रॅमचं फोल्डर, शॉर्टकटची पीजीपी फाइल, सगळे एसएचएक्स आणि मराठी फॉन्ट. व्हीबीए या भाषेत लिहिलेले मॅक्रो वापरत असाल तर हेही लक्षात घ्या की २०१० पासून ऑटोकॅडसोबत व्हीबीए येत नाही, ते वेगळं उतरवून बसवावं लागतं. मदत मागताना विंडोजची आवृत्ती, कॅडचं साल, ३२ की ६४ बिट, किल्लीवरचं नाव आणि मेसेजचा फोटो एवढं एकत्र पाठवलंत, तर फोनवरच बरंच काम उरकतं.